साठ कुलपं, एकच किल्ली

आमच्या जर्नलमधला चौथा प्रयोग मला अजून तोंडपाठ आहे. ‘सिमेट्रिक सायफर वापरून टेक्स्ट फाइल एन्क्रिप्ट आणि डिक्रिप्ट करणे.’ एम, थिअरी, अल्गोरिदम, प्रोग्राम, आउटपुट, कन्क्लुजन. सहा मथळे, चार पानं, शेवटी सरांची सही. वर्गात आम्ही साठ जण होतो. साठही जणांचा प्रोग्राम चालला, साठही जणांना सही मिळाली.

आणि साठही जणांची किल्ली एकच होती : १२३४५६७८९०१२३४५६.

ती कुणी ठरवली, हे कुणालाच माहीत नव्हतं. आमच्याकडे ती सीनियरच्या जर्नलमधून आली, त्याच्याकडे त्याच्या सीनियरकडून. एईएस या सायफरला कमीत कमी सोळा बाइटची किल्ली लागते, आणि एक ते नऊ, मग शून्य, मग पुन्हा एक ते सहा असं बडवत गेलं की सोळा बरोबर भरतात. प्रोग्रामच्या तिसऱ्या ओळीत, अवतरणचिन्हांत, कुणालाही दिसेल अशी ती बसलेली असायची.

ओरलला एक्स्टर्नल सरांनी मला विचारलं, “एईएसमध्ये राउंड किती?” मी म्हटलं, “किल्लीच्या लांबीप्रमाणे दहा, बारा किंवा चौदा, सर.” ते खूश झाले. ‘किल्ली कुठे ठेवलीस?’ असं त्यांनी विचारलं असतं, तर माझी बोलती बंद झाली असती. पण त्यांनी विचारलं नाही. पुढे दोन नोकऱ्यांच्या मुलाखतींतही कुणी विचारलं नाही.

माझी तक्रार एवढीच आहे. आपण कुलूप शिकवतो, किल्ली शिकवत नाही. आणि किल्ली न शिकवता कुलूप शिकवणं हे काहीच न शिकवण्यापेक्षा वाईट आहे. दाराला कुलूप नसेल तर माणूस निदान सावध असतो. कुलूप दिसलं की तो निर्धास्त झोपतो.

कुलूप जगजाहीर, किल्ली गुप्त

सिमेट्रिक सायफर म्हणजे ज्या किल्लीने बंद करायचं, तिनेच उघडायचं. घराच्या कुलपासारखं. फाइल घ्यायची, तिचे बाइट वाचायचे, किल्लीच्या हिशेबाने त्यांची अशी घुसळण करायची की बाहेर निव्वळ कचरा दिसावा. तीच किल्ली घेऊन उलट घुसळलं की मूळ मजकूर परत.

ही कल्पना मराठीला नवी नाही. महानुभाव पंथाने चौदाव्या शतकात सकळ लिपी वापरात आणली. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर किंवा चिन्ह, असा ठरावीक बदल. ज्याला तो तक्ता ठाऊक, त्यालाच ग्रंथ वाचता येणार. कुलूप इतकं टिकलं की ‘लीळाचरित्रा’सारखा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ पंथाबाहेरच्या वाचकांना शतकानुशतकं वाचता आला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या अभ्यासकांमुळे ते साहित्य बाहेर वाचलं जाऊ लागलं.

आजच्या हिशेबाने सकळ लिपी कच्ची. अक्षरं किती वेळा येतात ते मोजत बसलं तरी सुटेल. शिवाय तक्ता एकदा फुटला की त्या लिपीतले सगळे ग्रंथ उघडे, कारण किल्ली बदलायची सोयच नाही. पण त्या लोकांना एक गोष्ट पक्की कळत होती, जी आमच्या चौथ्या प्रयोगाला कळत नाही. तक्ता ग्रंथाच्या तिसऱ्या ओळीत लिहून ठेवायचा नसतो. तो गुरूकडून शिष्याकडे जायचा.

१८८३ साली ऑगस्ट केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञाने लष्करी सांकेतिक लेखनाबद्दल लिहिताना एक नियम मांडला. त्याचा अर्थ असा : तुमची सगळी यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी अडता कामा नये, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. आजचं सगळं क्रिप्टोग्राफीचं शास्त्र या नियमावर उभं आहे. एईएस तर भर चौकात निवडलं गेलं. अमेरिकेच्या मानक संस्थेने १९९७ मध्ये जाहीर स्पर्धा लावली, पंधरा सायफर मैदानात उतरले, जगभरच्या तज्ज्ञांनी ते फोडायचा प्रयत्न केला आणि २००० साली योआन डेमन व विन्सेंट रेमेन या दोन बेल्जियन माणसांचं राइनडाल निवडलं गेलं. २००१ मध्ये ते मानक झालं. त्याची प्रत्येक पायरी कुणालाही वाचता येते. आमच्या जर्नलमध्येही होती, आकृतीसकट.

म्हणजे जे जगाला आधीच ठाऊक आहे ते आम्ही चार पानं उतरवून काढलं. आणि जे एकच गुप्त ठेवायचं होतं, त्याची साठ जणांत झेरॉक्स काढली.

अडतीस शून्यांचा भ्रम

‘पण एईएस फुटतच नाही ना?’ हा प्रश्न हमखास येतो. बरोबर आहे, जवळपास फुटत नाही. जुन्या डीईएस सायफरची किल्ली ५६ बिटची होती. १९९८ मध्ये अडीच लाख डॉलरपेक्षा कमी खर्चात बांधलेल्या एका यंत्राने ती ५६ तासांत शोधून दाखवली. एईएसची सर्वांत छोटी किल्ली १२८ बिटची. शक्य किल्ल्यांची संख्या ३९ आकडी. त्या सगळ्या ताडून पाहायला पृथ्वीवरचे सगळे संगणक लावले तरी आपल्या नातवंडांच्या नातवंडांना उत्तर मिळणार नाही.

पण हे गणित किल्ली खरोखर नशिबाने निवडलेली असेल तरच लागू आहे. माणूस निवडतो जन्मतारीख. शंभर वर्षांच्या सगळ्या जन्मतारखा मिळून साडेछत्तीस हजार. माणूस निवडतो मोबाइल नंबर. भारतातले मोबाइल नंबर सहा, सात, आठ किंवा नऊने सुरू होतात, म्हणजे शक्य नंबर ४०० कोटी. ऐकायला मोठा आकडा आहे, पण सेकंदाला दहा लाख किल्ल्या ताडून पाहणारा संगणक ते सव्वा तासाच्या आत संपवतो. दार पोलादी, आणि किल्ली पायपुसण्याखाली.

यावर उपाय आहे आणि तो जुना आहे. पासवर्ड थेट किल्ली म्हणून वापरायचाच नाही. त्यात प्रत्येक फाइलसाठी वेगळं मीठ टाकायचं – त्याला खरोखरच सॉल्ट म्हणतात – आणि ते मिश्रण लाखो वेळा दळून मग किल्ली काढायची. तुम्हाला एकदा अर्धा सेकंद थांबावं लागतं, चोराला प्रत्येक अंदाजामागे थांबावं लागतं. पायथनमध्ये हे एका ओळीत होतं. ती ओळ आमच्या जर्नलमध्ये नव्हती.

‘मग फोनला चार-सहा आकडी पिन कसा पुरतो?’ चांगला प्रश्न आहे. फोनमधली चिप चुकीचे प्रयत्न मोजते आणि काही चुकांनंतर थांबायला लावते. नुसत्या फाइलपाशी असा वॉचमन नसतो. ती एकदा चोराच्या लॅपटॉपवर पोचली की तो रात्रभर, आठवडाभर, हवे तितके अंदाज लावू शकतो. फोनची सवय फाइलला लावली की फसगत होते, आणि हा फरकही कुणी शिकवत नाही.

माझी डायरी

आता माझं सांगते. तिसऱ्या वर्षाला असताना मला या प्रयोगाचं फार कौतुक वाटलं होतं. मी रोज डायरी लिहायचे, कॉम्प्युटर घरात एकच होता, आणि तो हॉलमध्ये होता. मी चौथ्या प्रयोगाचाच प्रोग्राम उचलला आणि डायरी बंद करायला लागले. फाइल उघडली की चित्रविचित्र चिन्हं. मला अगदी हायसं वाटलं. त्यानंतर तर मी जास्तच मोकळेपणाने लिहायला लागले.

दिवाळीच्या सुट्टीत मावसभाऊ आला होता. त्याला कोडिंग वगैरे काही येत नव्हतं. त्याने फोल्डर उघडलं, प्रोग्राम चालवला. प्रोग्रामने विचारलं : एन्क्रिप्टसाठी १ दाबा, डिक्रिप्टसाठी २ दाबा. त्याने २ दाबलं.

बस्स. किल्ली प्रोग्रामच्याच पोटात होती, त्यामुळे विचारायची गरजच नव्हती. संध्याकाळी फराळाच्या ताटाभोवती माझ्या डायरीतली दोन पानं मोठ्याने वाचली गेली. सगळे हसले. आई हसली नाही, आणि ते जास्त लागलं.

मी शहाणी झाले, म्हणजे मला तसं वाटलं. पुढच्या वेळी संगणकाकडूनच नशिबाने किल्ली काढून घेतली, बत्तीस बाइटची, कुणाच्या बापाला न सापडणारी. ती पेनड्राइव्हवर ठेवली, फक्त पेनड्राइव्हवर. आठ महिन्यांनी पेनड्राइव्ह बंद पडला. दुरुस्तीवाल्या दोघांनी हात टेकले. ती ४१ केबीची फाइल आजही माझ्याकडे आहे. आजीच्या शेवटच्या महिन्यांत तिच्या उशाशी बसून मी जे लिहिलं, ते त्यात आहे. कुणालाही उघडता येणार नाही इतकी ती सुरक्षित आहे. मलाही.

दोन्ही वेळा एईएसने आपलं काम चोख केलं. एकदा किल्ली कुलपाला टांगलेली होती, एकदा विहिरीत पडली. सायफरमध्ये ‘पासवर्ड विसरलात?’ असं बटण नसतं, हे मला त्या दुकानाच्या काउंटरपाशी कळलं. जर्नलच्या कन्क्लुजनमध्ये मी लिहिलं होतं : ‘अशा प्रकारे आपण सिमेट्रिक सायफरचा यशस्वीपणे अभ्यास केला.’

प्रयोगातली बाकीची भोकं

किल्ली हे मोठं भोक. बाकीचीही आहेत.

पहिलं : आम्ही सगळ्यांनी ईसीबी पद्धत वापरली, कारण तिचा प्रोग्राम सर्वांत छोटा. या पद्धतीत सोळा-सोळा बाइटचे तुकडे सुटे सुटे बंद होतात. सारखा तुकडा आला की कचराही सारखाच येतो. यात काय बिघडतं, ते २०१३ मध्ये अडोबी कंपनीचा डेटा चोरीला गेला तेव्हा जगाने पाहिलं. पंधरा कोटींहून जास्त नोंदी, पासवर्ड सिमेट्रिक सायफरने बंद केलेले, पण याच पद्धतीने. त्यामुळे ज्यांचे पासवर्ड सारखे, त्यांचा कचराही सारखा. शेजारी लोकांनी स्वतः लिहिलेले, न झाकलेले हिंट. किल्ली हाती न लागताही एका गठ्ठ्यातले हिंट एकत्र वाचून पासवर्ड ओळखता आले. सुमारे १९ लाख लोकांचा पासवर्ड १२३४५६ होता. आमच्या वर्गाला हसायचा अधिकार नाही, आम्ही तोच जरा लांबवला होता.

दुसरं : बंद केलं म्हणजे कुणी हात लावू शकत नाही, असं आम्हाला वाटायचं. काही पद्धतींत चोराला मजकूर वाचता येत नसला तरी बदलता येतो. समजा हिशेबाच्या फाइलमध्ये १००० असं लिहिलंय आणि ते कुठे आहे हे त्याला ठाऊक आहे. १ आणि ९ या अंकांमध्ये संगणकाच्या लेखी एकाच बिटचा फरक असतो, अंक इंग्रजी असोत की देवनागरी. बंद फाइलमधला तेवढा एक बिट उलटा केला की उघडल्यावर ९००० दिसतात, आणि प्रोग्राम हूं की चूं करत नाही. म्हणून सीलही लागतं. एईएस-जीसीएम किंवा पायथनचं फर्नेट ते आपोआप लावतं, फाइलला धक्का लागला असेल तर उघडायलाच नकार देतं.

तिसरं मला सर्वांत जास्त झोंबतं. आमच्या प्रोग्रामला मराठी फाइल दिली की तो कोसळायचा. ‘मराठी’ या शब्दात संगणकाच्या हिशेबाने पाच चिन्हं आहेत, पण यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे पंधरा बाइट. सीनियरचा प्रोग्राम बाइटऐवजी चिन्हं मोजायचा. पाच आहेत, अकरा भरले की सोळा, असं म्हणून तो भर घालायचा आणि प्रत्यक्षात सव्वीस बाइट व्हायचे. सव्वीसला सोळाने भाग जात नाही, एरर. यावर वर्गाचा तोडगा एकच : मराठी लिहायचंच नाही. साठही जणांनी ‘हॅलो वर्ल्ड’ बंद केलं. ज्या भाषेत आपली खरी गुपितं असतात, तीच या कुलपात मावत नव्हती. दुरुस्ती काय होती? चिन्हं मोजण्याआधी मजकुराचे बाइट करून घ्यायचे. एक शब्द.

चौथं भोक तर इतकं मोठं आहे की ते दिसतच नाही. प्रोग्राम बंद केलेली नवी फाइल तयार करतो. मूळ फाइल? ती शेजारीच, उघडी. आउटपुटच्या स्क्रीनशॉटमध्ये दोन्ही एका रांगेत दिसतात, आणि त्यावर सरांची सही.

‘प्रॅक्टिकलच तर आहे’

या सगळ्यावर मला तीन उत्तरं ऐकवली जातात.

एक : प्रॅक्टिकलच तर आहे, खऱ्या कामात सगळे नीट करतात. नाही करत. प्रोग्राममध्ये किल्ली लिहून ठेवणं ही चूक इतकी सर्रास आहे की जगभरच्या सॉफ्टवेअरदोषांच्या सूचीत तिला स्वतंत्र क्रमांक आहे : सीडब्ल्यूई-३२१. माझ्या पहिल्या नोकरीत पगाराच्या फाइली बंद करणारा एक प्रोग्राम होता. मी उघडून पाहिला. तिसरी ओळ नव्हे, अकरावी होती, एवढाच फरक. ते लिहिणाराही कुठल्या तरी कॉलेजात चौथ्या प्रयोगावर सही घेऊनच आला असणार.

दोन : सरांना दोष देऊ नका. देत नाही. एका बॅचला दोन तास, लॅबमधले निम्मे पीसी बंद, वर सबमिशनची तारीख. पण ‘किल्ली कुठे ठेवलीस?’ विचारायला एक मिनिट लागतं. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीला ती एक ओळ घालायला त्याहून जास्त वेळ लागू नये.

तीन, आणि हे सर्वांत लाडकं : सामान्य माणसाला लपवण्यासारखं असतं काय? हे म्हणणाऱ्यांच्या घरी संडासाला कडी असते. डायरी, औषधांची चिठ्ठी, घरातल्या मारहाणीची नोंद, एखाद्या वार्ताहराकडे आलेली कुणाची साक्ष : यात गुन्हा काहीच नाही, तरी ते कुणी वाचायचं हे लिहिणाऱ्यानेच ठरवायला हवं.

आणि ते ठरवू द्यायला इतर लोक नेहमीच राजी असतात असं नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा जाहीर केला. त्यात नागरिकांनी बंद केलेल्या मजकुराची उघडी प्रत ९० दिवस जपून ठेवावी आणि यंत्रणांनी मागितली तर द्यावी, अशी अपेक्षा होती. ओरड झाली, काही दिवसांतच मसुदा मागे घेतला गेला. पण लक्षात घ्या, सरकार जे मागत होतं ते आमच्या प्रयोगात आधीपासून होतंच. बंद फाइल, आणि शेजारी उघडी. ज्या पिढीला या दोन फाइली शेजारी-शेजारी ठेवण्यात काही खटकत नाही, तिला असा मसुदा पुन्हा आला तर तो तरी कुठून खटकणार?

प्रयोग असा हवा

दोन तासांतच बसणारा, नव्या सिलॅबसची वाट न पाहता करता येणारा प्रयोग सांगते.

फाइल मराठी असेल. किल्ली प्रोग्राममध्ये लिहिलेली दिसली तर सही नाही. पासवर्ड चालवताना विचारायचा, त्याला मीठ लावून दळायचा. बंद केलेल्या फाइलमधला एक बाइट मुद्दाम बिघडवायचा आणि प्रोग्राम नकार देतो हे दाखवायचं. मग ती फाइल शेजारच्या बाकावर द्यायची आणि मैत्रिणीने ती उघडायची. इथे खरी गंमत आहे, कारण पासवर्ड तिला सांगायचा कसा? त्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर, जिथे फाइल टाकली? हा प्रश्न एकदा पडला की सिमेट्रिक सायफरची खरी अडचण पोरांना कळते, आणि पुढच्या प्रकरणातली जोडकिल्ल्यांची पद्धत का जन्मली तेही न सांगता कळतं. शेवटी किल्लीची प्रत दुसरीकडे कुठे आहे ते विचारायचं. ‘नाही’ म्हणणाऱ्याला माझी ४१ केबीची फाइल उघडायला द्यायची. मी आनंदाने पाठवीन.

आणि ज्यांचा कोडिंगशी संबंध नाही, त्यांनी आज रात्री एवढंच करा. तुमच्या फोनवर जे जे ‘लॉक्ड’ दिसतं, त्यातल्या प्रत्येकाला विचारा : किल्ली कुठे आहे, आणखी कुणाकडे आहे, हरवली तर काय? चॅटचा बॅकअप वेगळ्या किल्लीने बंद करायची सोय व्हॉट्सॲपमध्ये २०२१ पासून आहे, पण ती स्वतः चालू करावी लागते. केली आहे का? केली असेल तर तो पासवर्ड कुठे लिहिलाय? कागदावर लिहून कपाटात ठेवला असेल तर हसू नका, पेनड्राइव्हपेक्षा तो बरा.

पुढच्या महिन्यात पुन्हा ओरल सुरू होतील. एखाद्या एक्स्टर्नल सरांनी किंवा मॅडमनी हे वाचलं असेल, तर राउंडची संख्या विचारू नका. ती गूगलवर आहे. तिसऱ्या ओळीवर बोट ठेवा आणि विचारा.